बाळ रडतंय, कुणाला विचारू?

१९२१ साली मुंबई सरकारने एका डॉक्टरबाईंवर काम सोपवलं. गिरण्यांत राबणाऱ्या बायकांची बाळंतपणाच्या आधी आणि नंतर काय अवस्था असते, हे पाहून अहवाल द्यायचा. डॉ. बार्न्स यांनी ते काम मनापासून केलं. पुढच्या वर्षी सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये त्यांची निरीक्षणं छापून आली आणि त्यातला एक आकडा आजही वाचवत नाही. गिरणीकामगार बायकांच्या शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जात होती.

‘बाळगोळी’ म्हणून ती मिळायची. बाळाला चाटवली की ते तासन्‌तास निजून राही. यावर अडाणीपणाचा शिक्का मारून मोकळं होणं सोपं आहे. त्या काळच्या कितीतरी सुशिक्षितांनी तेच केलं. पण त्या बाईचा दिवस पाहायला हवा. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, भोंगा वाजला की गिरणीत जायचं, दहा-अकरा तास उभं राहून काम करायचं. तान्हं बाळ शेजारच्या म्हातारीकडे, किंवा कुणीच नसेल तर सोबत गिरणीत, खात्याच्या कोपऱ्यात. रात्री एकाच खोलीत दोन-तीन बिऱ्हाडं झोपलेली. त्यातल्या पुरुषांनाही सकाळी पाळीवर जायचं. बाळ रात्रभर रडलं तर खोलीच हातची जायची. अशा वेळी ‘गोळी दे, निजेल’ हा शेजारणीचा सल्ला त्या दिवसापुरता कामाचा होता. त्याची किंमत बाळाने चुकवली.

त्याच वर्षी, म्हणजे १९२१मध्ये, मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक बाळं वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. हा आकडा काहीसा फुगलेला असणार, कारण बायका बाळंतपणाला गावी जात आणि तिथे जन्मलेली बाळं मुंबईच्या जन्मनोंदीत येत नसत, मृत्यू मात्र इथे लिहिला जाई. तरीही एका खोलीच्या बिऱ्हाडांत काय चाललं होतं, ते त्यातून दिसतंच.

गावाकडे विचारायला माणसं होती. आई, सासू, चुलत्या, आणि कुठल्याही वेळी हाक मारली की येणारी सुईण. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत म्हणजे एका अर्थी सव्वा-दोन महिन्यांची शाळाच होती. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ कसं घालायचं, शेकशेगडी किती द्यायची, टाळू कशी भरायची, बांधायचं कसं, हे पाहत पाहत, करत करत समजे. गुटीचंच पाहा. सहाण धुऊन घ्यायची आणि थेंबभर दुधात वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, हिरडा, सुंठ, बदाम, खारीक एकेक करून उगाळायची. कशाचे किती वेढे, याचं गणित बाळाच्या वयावर आणि त्या दिवशीच्या पोटावर. पोटात मुरडा असेल तर मुरडशेंगेचा एक वेढा जास्त. जायफळ मात्र जपून, कारण त्याने गुंगी येते. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. आजीच्या मनगटात होतं.

त्या ज्ञानात घातक गोष्टीही होत्या, हे सांगायलाच हवं. बाळंतिणीचा पहिला पिवळसर चीक अनेक घरांत पिळून टाकत. जन्मल्या जन्मल्या मध किंवा गूळपाणी चाटवत. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज बाळाला पाणीही नको, हे आज कुठलाही बालरोगतज्ज्ञ सांगतो. त्या हिशेबात गुटीही बसत नाही. पण त्या सल्ल्याची एक बाजू पुढच्या शंभर वर्षांत कुणालाच सहज जमली नाही. सल्ला देणारी बाई त्याच घरात असे. तिला उलट प्रश्न विचारता येई. सांगितलेलं लागू पडलं नाही, तर दुसऱ्या दिवशी ती दुसरं काही सुचवी.

कोकणातून, घाटावरून बायका मुंबईत आल्या आणि हा धागा तुटला.

त्याच्या जागी आधी आल्या नर्सबाई. १९२०च्या दशकात बालसंगोपनाच्या संस्थांनी चाळींतून परिचारिका फिरवायला सुरुवात केली. १९२४ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी रीडिंग यांच्या पुढाकाराने देशभर ‘बेबी वीक’ साजरा झाला. प्रदर्शनं भरली, गुटगुटीत बाळांना बक्षिसं मिळाली. १९२६मध्ये परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभं राहिलं, तीन वर्षांनी शेजारी मुलांचं रुग्णालय. ही फार मोठी सोय होती. सल्ल्याचा सूर मात्र बदलला. त्या काळच्या इंग्रजी वैद्यकात बाळाला घड्याळ लावून, ठरलेल्या अंतराने पाजण्यावर भर होता. ज्या घरात घड्याळ नाही, जिथे नळाला ठरावीक वेळीच पाणी आणि आई दिवसभर गिरणीत, तिथे हा उपदेश कसा पाळायचा? सल्ला बरोबर की चूक हा नंतरचा प्रश्न. तो ज्या घरासाठी तयार झाला होता, ते घर या बाईचं नव्हतं. खरा फरक पडला तो १९२९च्या मुंबई प्रसूतिलाभ कायद्याने. देशातला अशा प्रकारचा हा पहिला कायदा. बाळंतपणाआधी आणि नंतर काही आठवडे पगारी रजा मिळाली, तर बाईला बाळाला पाजायला वेळ मिळतो, ही साधी गोष्ट त्याने मान्य केली.

छापील सल्ला तर तिच्यापर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता. १९३१च्या जनगणनेत देशातल्या जेमतेम तीन टक्के बायका साक्षर होत्या. र. धों. कर्व्यांनी १९२७मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं आणि वाचकांच्या अडचणींच्या प्रश्नांना न लाजता उत्तरं दिली, हे मोठंच काम. पण पत्र लिहायला अक्षर हवं, टपालाला पैसे हवेत आणि आपली अडचण कागदावर मांडायचा धीर हवा. नंतर रेडिओ आला. १९५६मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत, दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, शंका लिहून कळवायच्या आणि उत्तर पुन्हा रेडिओवर ऐकायचं. ऐकणाऱ्याला उलट विचारू देणारी इतकी चांगली रचना त्या काळात दुसरी नव्हती. मंडळांचे सभासद मात्र बहुतेक सगळे पुरुष होते.

बाईच्या दारात जायचं कसं, हे आधी उमगलं ते बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांना. १९४५ साली बोर्डीला त्यांनी बालवाडी काढली, अनुताई वाघ तिथे आल्या, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच पाड्यावर नेली, झोपडीसमोरच्या अंगणात. मुलं खेळत, गात, हातपाय धुवायला शिकत आणि आया कामं करता करता पाहत. ‘बाळाला असं करा’ असं कुणी त्यांना सुनावत नव्हतं. आपल्या पोराशी दुसरं कुणी कसं बोलतं, हे त्या डोळ्यांनी बघत होत्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द सरकारी कागदावर गेला, तेव्हा त्यामागे ही तीस वर्षं होती.

दुसरं मोठं पाऊल जामखेडला पडलं. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले. हजारी पावणेदोनशेच्या घरात बालमृत्यू, दुष्काळी मुलूख, आणि डॉक्टर गावात राहायला तयार नाहीत. त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या. बऱ्याचशा निरक्षर, कितीतरी दलित. त्या ठरल्या दिवशी जामखेडला येत, मुक्काम करत, एकमेकींना आपल्या गावातल्या अडचणी सांगत आणि एखादी गोष्ट नीट समजून घेऊन परत जात. हगवण लागलेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी किती आणि कसं पाजायचं, हे त्यांनी घराघरांत दाखवलं. डॉक्टरांनी सांगितलं असतं तर बायकांनी मान डोलावली असती. शेजारणीने सांगितलं म्हणून विचारलं, ‘आणि पोराने ओकून टाकलं तर?’ त्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे होतं. थोडं थांब, मग पुन्हा चमच्या-चमच्याने दे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६मध्ये ‘सर्च’ संस्था उभारली आणि हीच वाट आणखी पुढे नेली. लहान बाळाला न्यूमोनिया झाला की नाही, हे श्वास मोजून कळतं. पण मोजता न येणाऱ्या सुईणीने ते कसं ओळखायचं? तिच्या हाती मण्यांची एक साधी पाटी आली, सोबत मिनिटभराची वाळूची घडी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं, की आजार आहे. पुढे गावातल्या आरोग्यदूत बायकांनी नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायची पद्धत ३९ गावांत राबवली गेली. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं. आज देशभरातल्या आशाताई बाळाच्या जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, त्या वेळापत्रकाचं मूळ या गावांत आहे.

मुंबईत ही कथा सायनला पोचते. तिथल्या महापालिका रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. धारावीतून येणाऱ्या बाळंतिणींनी दुसऱ्यांच्या अशक्त बाळांसाठी दूध दिलं. १९९९मध्ये त्यांनी ‘स्नेहा’ संस्था काढली, कारण बाळ रुग्णालयात वाचतं आणि वस्तीत परत आजारी पडतं, हे त्या रोज पाहत होत्या. याच रुग्णालयात शिकलेल्या डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८मध्ये ‘अरमान’ संस्थेची स्थापना केली आणि २०१४मध्ये ‘एममित्र’ सुरू झालं. गरोदर बाईचा फोन नंबर आणि तारीख नोंदवायची, तिने भाषा आणि सोयीची वेळ निवडायची, मग बाळ वर्षाचं होईपर्यंत त्या-त्या आठवड्याला लागू असा ध्वनिसंदेश तिच्या फोनवर येतो. एकूण १४५ संदेश. वाचता यायची गरज नाही, इंटरनेट लागत नाही, साधा बटणांचा फोन चालतो. सरकारची ‘किलकारी’ही अशाच पद्धतीची सेवा, बिहारमध्ये आधी सुरू झालेली, २०१६पासून एकेक राज्य करत पसरलेली. महाराष्ट्रात ती २०२४ साली आली.

या सेवांच्या अनुभवात एक गोष्ट फार बोलकी आहे. काही आठवड्यांनी बऱ्याच बायका संदेश ऐकेनाशा होतात. फोन नवऱ्याकडे असतो, नंबर बदललेला असतो, किंवा ती माहेरी गेलेली असते. कुठली बाई गळण्याची शक्यता आहे हे ओळखण्यासाठी ‘अरमान’ने गूगलच्या संशोधकांबरोबर संगणकीय पद्धत बसवली. पण ओळखल्यावर उपाय काय? कार्यकर्तीने तिला स्वतः फोन करायचा. ‘कशी आहेस? फोन का उचलत नाहीस?’ इतकं विचारलं की बरीच गळती थांबते. कितीही चांगला ध्वनिमुद्रित आवाज असला, तरी त्याला प्रश्न विचारता येत नाही.

तो विचारता येऊ लागला सप्टेंबर २०१६नंतर. जिओमुळे डेटा स्वस्त झाला. ऑगस्ट २०१७मध्ये गूगलचा बोलून शोध मराठीत आला. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि लिहिता न येणाऱ्या बाईलाही रात्री दोन वाजता फोन तोंडाजवळ धरून ‘बाळ दूध पीत नाही काय करू’ असं बोलता येऊ लागलं. सासूने टोमणा मारला नाही, डॉक्टरांनी ‘एवढंही कळत नाही?’ म्हटलं नाही. गरीब बाईला आजवर मिळालेल्या जवळजवळ प्रत्येक सल्ल्यासोबत बोलणी खावी लागली आहेत. सरकारी दवाखान्यातल्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. फोन बोलणी देत नाही, हे त्याचं सगळ्यात मोठं आकर्षण.

दुसरा उपयोग त्याहून साधा आहे. माहेरच्या आईला व्हिडिओ कॉल. भिवंडीच्या किंवा पिंपरीच्या एका खोलीत फोन भिंतीला टेकवून ठेवायचा आणि गावाकडून आईने बघत बघत सांगायचं, ‘मान धर, मान धर, पाणी कानात जातंय.’ तुटलेला धागा असा जोडला गेला.

प्रशिक्षणासाठीही व्हिडिओ कामी आला. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाने स्तनपान आणि पूरक आहारावर छोट्या फिती तयार झाल्या. अनेक भारतीय भाषांत, फुकट. बाळाला कुशीत कसं धरायचं, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा, नुसतं बोंड नव्हे तर भोवतालचा काळा भागही तोंडात जायला हवा, हे त्यात जवळून दाखवलं आहे. ‘दूध कमी येतं’ अशी तक्रार करणाऱ्या कितीतरी आयांचं बाळ मुळात नीट पकडतच नसतं. ही गोष्ट पोस्टरवर सांगता येत नाही, भाषणात तर नाहीच. आशाताईच्या फोनवर दोन मिनिटांत दिसते.

पण यूट्यूब उघडल्यावर हीच फीत समोर येईल, याची खात्री नाही. सहा महिन्यांच्या बाळाच्या आहारावर शोधलं की ब्लूबेरीची प्युरी, अव्होकाडो, मिक्सर, बर्फाच्या साच्यात भरून फ्रीजमध्ये ठेवायच्या वड्या, असं काय काय दिसतं. १९२०च्या दशकातल्या नर्सबाईंच्या घड्याळाइतकंच हे परकं. नाचणीचं सत्त्व, मऊ मुगाची खिचडी, कुस्करलेलं उकडलेलं अंडं, शेंगदाण्याचं कूट हे परवडणारं आणि उत्तम अन्न. ते दाखवणारे व्हिडिओही आहेत, पण चकचकीत नसल्यामुळे मागे पडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१मध्ये, देशातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी फक्त ११.३ टक्क्यांना पुरेसा आहार मिळत होता. महागड्या फळांचे व्हिडिओ पाहून आईला आपण कमी पडतो एवढंच वाटतं.

डब्याच्या दुधाचं तर वेगळंच सांगायला हवं. १९९१च्या डिसेंबरमध्ये वर्ध्याला स्तनपानाच्या बाजूने काम करणारं ‘बीपीएनआय’ हे राष्ट्रीय जाळं स्थापन झालं. १९९२ साली संसदेने कायदा केला आणि बाळांच्या दुधाच्या भुकटीची जाहिरात, नमुने, भेटवस्तू यांवर बंदी आली. २००३च्या दुरुस्तीने तो आणखी कडक झाला. जगातल्या कडक कायद्यांत तो गणला जातो. मात्र तो लिहिला गेला तेव्हा पोस्टर, टीव्ही आणि दवाखान्यातले प्रतिनिधी डोळ्यांसमोर होते. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दाखवून दिलं की भुकटीच्या कंपन्या आता ॲप, ऑनलाइन मातृ-मंडळं आणि प्रभाव पाडणाऱ्या आयांच्या पोस्ट यांतून नव्या आयांपर्यंत पोचतात. जाहिरात जाहिरातीसारखी दिसतच नाही. रोजंदारीवरच्या घरात भुकटी आली की डबा पुरवायला ती पातळ केली जाते आणि पाणी कुठलं असेल ते असतं. या जुन्या चांगल्या कायद्याला मोबाइलच्या पडद्यावर दात हवेत, आणि ते लवकर हवेत.

२०२०च्या टाळेबंदीत अंगणवाड्या बंद झाल्या, तेव्हा सेविकांनी व्हॉट्सॲप गट केले. ‘प्रथम’ संस्थेने घरातल्या वस्तूंनी मुलांशी खेळायचे छोटे संदेश पाठवायला सुरुवात केली, पुढे २०२२च्या ‘पहिले पाऊल’ अभियानात गावोगावी माता गट झाले. एका फोनभोवती चार-पाच जणी जमतात, व्हिडिओ बघतात आणि पोरांना घेऊन तेच करतात. वाटाणे वेगळे करायचे, पायऱ्या मोजायच्या, चपातीचे आकार ओळखायचे. ताराबाईंचं अंगण इथे पुन्हा भेटतं. एकटीने रात्री पाहण्यापेक्षा चौघींनी मिळून पाहण्यात फायदा असा की पटलं नाही तर तिथल्या तिथे कुणीतरी बोलतं.

मात्र फोन कुणाचा, हा प्रश्न सुटलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच पाचव्या फेरीत, स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात ५३.९ टक्के निघाल्या. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या ३३.३ टक्के, तर पुरुष ५७.१ टक्के. नंतरच्या वर्षांत हे प्रमाण वाढलं असणारच, पण २०२४च्या जुलैत रिचार्ज महागला आणि जिओचा २३९ रुपयांचा अठ्ठावीस दिवसांचा पॅक २९९ वर गेला. घरात एकच पॅक भरायचा तर तो कामावर जाणाऱ्याच्या फोनमध्ये भरला जातो. गटावर आलेला स्तनपानाचा व्हिडिओ आधी नवरा, दीर पाहतो. छातीत गाठ आली, टाके दुखतात, हे तिथे कोण विचारणार? ते प्रश्न आशाताई घरी येईपर्यंत थांबून राहतात.

आणि ज्यांनी हे सगळं पोचवायचं, त्यांचेच फोन कसे होते? ऑगस्ट २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन सतत अडकत, दुरुस्तीचा खर्च त्यांच्यावर पडे, आणि माहिती भरायचं ॲप इंग्रजीत. आशाताईंनी २०२३-२४मध्ये दोनदा संप केला, तेव्हा कुठे मार्च २०२४मध्ये राज्याने त्यांच्या मासिक मोबदल्यात पाच हजारांची वाढ दिली. २०१८पासून त्यांच्याकडे लहान मुलांच्या पाच जादा गृहभेटी आल्या आहेत. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याला जायचं, बाळ काय खातं ते पाहायचं, वजनाची नोंद बघायची, आईचं म्हणणं ऐकायचं. त्या भेटीत आई आधी यूट्यूबवर पाहिलेलं विचारते, ‘हे खरं का हो, ताई?’ आणि ताई चुलीपाशी बसून, घरात काय शिजलंय ते पाहून उत्तर देते. त्या एका भेटीचा तिचा प्रोत्साहन भत्ता पन्नास रुपये आहे.